एका सिलेंडरची फटफटी



आज पिकाचं फार लिहीत नाही. तूर शेंगा धरायला लागलीय. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठच्या वर पतंग सापडले म्हणून काल फवारणी उरकून घेतली. हरभऱ्याचं पहिलं पाणी चालू आहे. झालं शेताचं.

परवा आमच्या दाजींचा पोरगा आला होता. म्हणला, "मामा, पप्पांच्या बुलेटला गिऱ्हाईक आलंय. पुण्याची माणसं हायेत. डिझेलची हाय म्हणल्यावर लई मागं लागलेत. किती सांगू?" मी म्हणलं, दोन दिवस थांब, येऊन बघतो. तेव्हापासून डोक्यात फटफट्याच फिरायला लागल्यात. म्हणलं एकदा लिहूनच काढावं. आपल्या पेजवर तरुण पोरं बरीच आहेत, कृषी खात्यातले साहेब लोक पण वाचतात. ज्या गाडीवर बसून आपण रोज शेतात जातो ती आपल्याकडं आली कशी, हे कुणी सांगत नाही.

आधी आमच्या भागाचं सांगतो. चौसाळा बीड तालुक्यात, सोलापूर-धुळे रस्त्यावर. पूर्वी त्याला २११ नंबर म्हणत, आता ५२ आहे. वर मांजरसुंबा, खाली पारगाव, मांजरा ओलांडली की धाराशिव जिल्हा. सगळा बालाघाटाचा डोंगराळ, खडकाळ पट्टा. आणि मोठी गोष्ट म्हणजे रेल्वे नाही. जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीडला गाडी यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. म्हणजे माझ्या बापाची आणि माझी अशा दोन पिढ्या एसटी, बैलगाडी आणि सायकल यांच्यावर निघाल्या. बाप नेकनूरच्या बाजाराला बैलगाडीनं जायचा. पहाटे निघायचा तो रात्री कंदील लावून परत. एक बैल विकायला किंवा चार पोती ज्वारी घालायला अख्खा दिवस मोडायचा. बियाणं, खत आणायला तालुक्याला जायचं तर एसटीची वाट बघत झाडाखाली बसायचं. गाडी भरून आली तर कंडक्टर हात हलवून पुढं निघून जायचा.

हे सांगायचं कारण, फटफटी शहरातल्या माणसाला हौस असंल, आमच्याकडं ती आली आणि शेतकऱ्याचा दिवस लांब झाला. दुपारी पंपाचा वॉशर गेला तर संध्याकाळच्या आत नवा बसवून पाणी चालू करता यायला लागलं.

आमच्या भागात मी पहिली फटफटी बघितली ती राजदूत. बहुतेक ८० साल असंल, मी आठ-नऊ वर्षांचा. दूध घालणाऱ्या एका बप्पांनी घेतली होती. दोन्ही बाजूला दोन दोन दुधाचे कॅन अडकवून बप्पा निघाले की मागं निळा धूर आणि धुराच्या मागं आम्ही पोरं. तो वास मला अजून आवडतो. खोटं कशाला बोलू.

राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. तीच आपल्या ट्रॅक्टरवाली एस्कॉर्ट्स. मूळ आराखडा पोलंड देशातल्या गाडीचा, तो १९६० च्या दशकात इकडं आणून बनवायला सुरुवात केली. १७५ सीसी, टू स्ट्रोक, तीन गिअर. दिसायला काही नाही, पण रस्ता नसला तरी चालायची. आमच्याकडं तेव्हा रस्ता नव्हताच, त्यामुळं जोडी जमली.

येझदी आमच्या गुरुजींकडं. ती मैसूरची. आधी तिचं नाव जावा, चेकोस्लोव्हाकियाच्या कंपनीचं. मैसूरला आयडियल जावा म्हणून कारखाना १९६१ ला सुरू झाला, पुढं ७० च्या दशकात गाडीला येझदी नाव दिलं, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. या गाडीची एक मजा होती. किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारली की तोच दांडा पुढं वळवायचा आणि त्यानंच गिअर टाकायचे. नवा माणूस बसला की हमखास फसायचा. दुसरं म्हणजे दोन सायलेन्सर. गावात पैज लागायची की गुरुजींच्या गाडीला दोन इंजिनं आहेत. गुरुजी वैतागून म्हणायचे, "अरे सिलेंडर एकच, धूर काढायला दारं दोन!" कुणाला पटायचं नाही.

आणि बुलेट. ती मूळ इंग्लंडची. १९५० च्या दशकात आपल्या सैन्याला सरहद्दीवर गस्तीला गाड्या पाहिजे होत्या, त्यातून १९५५ ला मद्रासला कंपनी उभी राहिली. पुढं इंग्लंडातलं काम बंद पडलं, पण मद्रासचं चालूच राहिलं. ३५० बुलेटचा पिस्टन सत्तर मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव नव्वद मिलिमीटर. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, मग किक. काटा न बघता किक मारली तर ती उलटी यायची. आमच्याकडं एकाचं नडगीचं हाड त्यात गेलं होतं.

आता या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट सारखी. सिलेंडर एक.

आपल्याला हे समजायला फार अवघड नाही, कारण एका सिलेंडरचं इंजिन शेतकऱ्याच्या घरात फटफटीच्या आधी आलं. विहिरीवर. पुण्याची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी १९४६ ची. वीज पोचली नव्हती तेव्हा आपल्याकडच्या विहिरींचं पाणी असल्या इंजिनांनी उपसलं. पाच हॉर्सपॉवर, दोन्ही बाजूला लोखंडी चाकं, हँडल मारून चालू करायचं. डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची. टक... टक... टक करत इंजिन पकडायचं. माझ्या वडलांना आवाजावरून कळायचं पाणी पडतंय का पंप नुसताच फिरतोय. अंगणात जेवायला बसलेला माणूस घास थांबवून म्हणायचा, "फूटव्हॉल सुटला बघ."

म्हणून फटफटी आली तेव्हा आमच्या लोकांना ती नवी वाटलीच नाही. विहिरीवरचंच इंजिन, चाकं लावून रस्त्यावर आणलेलं. पिस्टन एक, बुलेटला आणि राजदूतला प्लग एक, कार्बोरेटर एक. फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा खालीवर होतो तेव्हा एकदा जोर मिळतो. आत ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं. मधल्या वेळात गाडी ढकलायला जड फ्लायव्हील लागतं, म्हणून तो ठोक्याठोक्यानं येणारा आवाज. टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला जोर, म्हणून ती हलकी असून उड्या मारते. पण तिला पेट्रोलात ऑईल मिसळून पाजावं लागतं, म्हणून धूर. आपल्या पाठीवरचे पेट्रोलचे फवारणी पंप बहुतेक अजून त्याच घराण्यातले आहेत. आणि सीसी म्हणजे काय असं पोरं विचारतात. सीसी म्हणजे मिली. शंभर सीसीची गाडी म्हणजे आपली १०० मिलीची औषधाची बाटली असती ना, तेवढी जागा पिस्टनखाली साफ होते. त्या बाटलीएवढ्या जागेत दोन माणसं, एक युरियाचं पोतं आणि कडेवरचं लेकरू ओढायची ताकद आहे.

आमचे मिस्त्री म्हणायचे, एका सिलेंडरची गाडी बरी, आत भांडायला दुसरं कुणी नाही. बिघाड तीन ठिकाणी शोधायचा. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतीय का, दाब आहे का. प्लग खोलायचा, पुसायचा, दाताखालच्या काडीनं कचरा काढायचा. एवढ्यावर दहातल्या आठ गाड्या चालू व्हायच्या. मी दहावी झालो १९८८ ला, पुढं शिकलो नाही, पण इंजिनाचं जे काही समजतं ते त्या झाडाखालच्या गॅरेजात समजलं. तिथं सगळे बसायचे. गाडी नसलेले पण बसायचे.

आता दाजींच्या बुलेटकडं येतो. दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे मालक. त्यांची बुलेट डिझेलची. आजच्या पोरांना खोटं वाटतं, पण डिझेलची मोटरसायकल आपल्या देशात कारखान्यातून बनून विकली जायची. तिला टॉरस म्हणत. ३२५ सीसीचं ग्रीव्हजचं इंजिन, मूळ आराखडा इटलीच्या लोंबार्डिनीचा. हीच जातकुळी पंपालाही लागायची. पळायला बैलगाडीच्या थोडी पुढं, असं दाजीच म्हणायचे. साठच्या वर नेली की हातातलं घड्याळ गळून पडंल असली थरथर. पण लिटरला सत्तरच्या पुढं जायची, आणि डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त. शिवाय इंजिनासाठी डिझेलचा कॅन घरात असायचाच. पंपाचं डिझेल गाडीत, गाडीचं पंपात. पुढं २००० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले आणि ती गाडी बंद पडली.

गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमाराला असल्याच डिझेल बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि तिला पेरणीची, कोळपणीची अवजारं जोडली. बुलेट सांती म्हणतात त्याला. आपल्या कृषी अभियंत्यांनी जरूर माहिती काढावी, छोट्या शेतकऱ्याचा तो ट्रॅक्टरच आहे. दाजींनी कुठंतरी पेपरात त्याचा फोटो बघितला आणि चार दिवस हातोडा घेऊन गाडीभोवती फिरत होते. अक्कानं सांगितलं, "गाडीला हात लावला तर मी माहेरी जाईन, आणि जाताना गाडी घेऊन जाईन." बेत तिथंच मोडला.

मला जे सांगायचंय ते १९९३ चं आहे.

३० सप्टेंबर. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. पहाटे चारच्या आधी आमच्याकडंसुद्धा पत्रे वाजले, भांडी पडली. सकाळी रेडिओवर कळलं की किल्लारी, सास्तूर तिकडं गावंच्या गावं पडलीत. गावात कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही, बायकांनी चुली पेटवल्या आणि भाकरी थापायला सुरुवात केली. दुपारपर्यंत दोन पोती भाकरी झाल्या. नेणार कशात? ट्रक, टेम्पो मिळंना, आणि तिकडचे रस्ते गाड्यांनी तुंबलेत असं येणारे सांगत होते. मग तीन फटफट्या काढल्या. बप्पांची राजदूत, गुरुजींची येझदी, दाजींची डिझेल बुलेट. माणसं सहा. मी एकवीस वर्षांचा, बप्पांच्या मागं, मांडीवर भाकरीचं गाठोडं, पाठीला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

कळंबवरून लातूर, तिथून औसा, लामजना. पाऊस लागला. औशाच्या पुढं रस्ता असा भरलेला की माणूस चालायला जागा नाही. मदतीच्या गाड्या, सैन्याच्या गाड्या, आणि नुसतं बघायला आलेल्या लोकांच्या पण गाड्या. मोठ्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. आमच्या तीन फटफट्या कडेच्या चिखलातून, कुठं रानातून, कुठं उतरून ढकलत पुढं गेल्या. येझदी दोनदा बंद पडली. प्लग ओला व्हायचा. गुरुजी धोतराच्या सोग्यानं प्लग पुसायचे आणि दाजी पुढं उभं राहून हेडलाइट मागं वळवून धरायचे.

तिथं काय बघितलं ते मी लिहिणार नाही. आठ-दहा हजार माणूस गेलं त्यात, ते सगळ्यांना माहीत आहे. दगडमातीची घरं, जाड भिंती, वर मातीचं माळवद. आमची घरं पण तशीच होती. भाकरी वाटल्या. एक म्हातारा दाजींच्या जवळ आला. त्याच्या नातवाला लातूरच्या दवाखान्यात नेलंय असं कुणी सांगितलं होतं, त्याला तिकडं जायचं होतं. दाजींनी त्याला मागं बसवलं, घोंगडं पांघरलं आणि त्या पावसात रात्रीचं परत लातूर गाठलं. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी भेटलो. मी विचारलं, नातू सापडला का? दाजी म्हणले, "सापडला." एवढंच. पुढं वीस-बावीस वर्षांत त्या रात्रीवर ते कधी बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही.

परतीला घाटात बुलेटचं डिझेल संपलं. मग राजदूतवरून बप्पांनी बुलेटच्या फूटरेस्टला पाय लावून ती चार मैल ढकलत आणली. तुमच्यापैकी किती जणांनी असं केलंय माहीत नाही. चालत्या गाडीवरून एक पाय दुसऱ्याच्या गाडीला लावायचा, दोघांनी वेग सारखा ठेवायचा, खड्डा आला तर आधी बोलायचं. पुढच्या माणसाचा तोल मागच्याच्या पायावर असतो.

त्यानंतर आमची टोळीच झाली. खतं, बियाणं, लग्नं, मयती, सगळीकडं तीन गाड्या बरोबर. आषाढीला गर्दी म्हणून कार्तिकीनंतर पंढरपूरला जायचं. येरमाळ्याला देवीला हात जोडायचे, बार्शीला चहा, कुर्डुवाडीवरून पुढं. त्या रस्त्याला तेव्हा बार्शी लाईटची छोटी गाडी चालायची. गुरुजींना तिच्याशी शर्यत लावायची भारी हौस. एकदा जिंकले पण. पुढं दोन किलोमीटरवर बंद पडले ती गोष्ट वेगळी.

सुख म्हणाल तर त्यात काय असतं? सकाळी ज्वारीला पाणी देऊन निघावं, ओढ्याच्या उतारात थंड हवेचा एक थर लागतो, वर आलं की पुन्हा ऊन. चारचाकीवाल्याला तो थर कळत नाही. कुणाच्या रानात तूर कापलीय, कुठं गूळ शिजतोय, कुठं शेणखत पसरलंय, नाकाला आधी कळतं. रस्त्यानं जाताना शेजाऱ्याचं पीक दिसतं, थांबून दोन शब्द बोलता येतात. पाऊस आला की लिंबाखाली सात-आठ गाड्या जमतात. ओळख नसली तरी तंबाखूची पुडी फिरते आणि कापसाचा भाव काय निघाला ते कळतं. आणि एक अलिखित कायदा होता. रस्त्याच्या कडेला गाडी उभी आणि माणूस वाकलेला दिसला की थांबायचं. "काय झालं?" एवढं विचारायचंच. पेट्रोल संपलं असंल तर आपल्या टाकीची नळी काढून बाटलीभर द्यायचं. पैसे घेत नसत. बाटली पण तो पुढं दुसऱ्याला द्यायचा.

हे सगळं पुरुषांचं होतं हे पण लिहायला पाहिजे. बाया मागं, एका बाजूला पाय टाकून, मांडीवर लेकरू, एका हातानं पदर. अक्काला बुलेट आमच्यापेक्षा चांगली कळायची, आवाजावरून बिघाड सांगायची, पण तिनं ती कधी चालवली नाही. तिची सून आता स्कुटी घेऊन बीडला जाते. स्कुटीला पण सिलेंडर एकच असतो, बरं का.

पुढचा बदल जपान्यांनी आणला. ८० च्या दशकात सरकारनं परवानगी दिली आणि होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी अशा चारी कंपन्या इथल्या कंपन्यांबरोबर आल्या. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली. ९७ सीसी, फोर स्ट्रोक, धूर नाही, पेट्रोलात ऑईल मिसळायची भानगड नाही. १९५८ ला होंडानं जपानात कब नावाची छोटी गाडी काढली होती, तिचे २०१७ पर्यंत दहा कोटी नग बनले. सीडीचं आडवं इंजिन त्याच घराण्यातलं. १९९४ ला स्प्लेंडर आली, आणि मग आमच्या भागात राजदूतचं दुकान उठलं.

आपल्या मराठी मुलखाचा वाटा पण मोठा आहे. नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकची लुना १९७२ ची, पन्नास सीसी, सायकलसारखे पायडल. शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक, सगळे लुनावर. आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरला तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. १९८५ ला बजाजचा दुसरा कारखाना वाळूजला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेजवळ सुरू झाला. मराठवाड्याच्या पोरांना घराजवळ कारखान्यात काम मिळालं. आमच्या भागातली पोरं तिकडं गेली आणि सुट्टीला येताना गाडीवर आली. एम-८० नं दूधवाल्यांचे हाल कमी केले. पुढं बॉक्सर, सीटी १००. मी स्वतः १९९६ ला कांद्याच्या पैशात बप्पांची राजदूत घेतली, २००५ ला सीटी घेतली. राजदूत भंगारात गेली. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

गाड्या वाढल्या तशी एक घाण पण आली. लग्नात गाडी. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात आम्ही शंभर सीसीची नवी गाडी घेतली. मागितली असं नाही म्हणत, पण नको पण म्हणलं नाही. पोरीच्या बापानं त्यासाठी एक एकर गहाण टाकलं होतं हे चार वर्षांनी कळलं. जमीन सोडवायला आम्ही पण पैसे घातले. तोवर गाडी दोन वेळा इंजिनाला आली होती.

दुष्काळात याच गाड्यांनी पाणी वाहिलं. २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१६ ला, ज्या उन्हाळ्यात मिरजेवरून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या दोन्ही वेळेला आमच्याकडं प्रत्येक गाडीच्या दोन्ही बाजूला घागरी नाहीतर कॅन. छावणीला चारा फटफटीवर. आणि आमचे ऊसतोडीचे लोक. पूर्वी दसरा झाला की बैल, भांडी, लेकरं ट्रकात घालून जायचे. आता कित्येक जोड्या गाडीवर जातात. मागं बायको, मधी पोरगं, टाकीवर बोचकं, कोयते बांधलेले. चौसाळ्यापासून सांगली-कोल्हापूर म्हणजे किती लांब ते नकाशात बघा.

दाजी गेले ते २०१५ च्या डिसेंबरात. असाच उसाचा हंगाम. रात्री साडेआठला बीडवरून येत होते, एकटे. रस्त्यात उसाची डबल ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं लाईट नाही, लाल पट्टी नाही, दगड सुद्धा लावलेला नाही. बुलेटचा दिवा पिवळा, अंधूक. त्यांना ती दिसली नाही. कुणाची ट्रॉली ते लिहून आता उपयोग नाही. ड्रायव्हर पण आपल्यातलाच, रात्रंदिवस ओढणारा. पण ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांना हात जोडून सांगतो, मागं लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आजच्या आज लावा. औषधाच्या एका फवाऱ्यापेक्षा कमी पैसे लागतात. मी माझ्या ट्रॅक्टरला लावल्यात, शेजारच्या दोघांच्या हातानं लावून दिल्यात. आणि हेल्मेट. दाजींकडं नव्हतं. माझ्याकडं पण तेव्हा नव्हतं.

त्या रात्री पहिला थांबला तो अनोळखी पोरगा होता, स्प्लेंडरवाला, कळंबकडचा. त्यानं दाजींच्या डोक्याला आपला शर्ट बांधला, त्यांचा फोन घेऊन अक्काला लावला आणि आम्ही पोचेपर्यंत तिथं बसून राहिला. थंडीत, बनियनवर.

आता रस्ता चौपदरी झालाय. गाड्या इतक्या जोरात जातात की कडेला वाकलेला माणूस दिसतो तेव्हा आपण पुढं गेलेलो असतो. २०२० च्या एप्रिलपासून नवीन गाड्या बीएस सहाच्या, बहुतेकांचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. मायलेज चांगलं, धूर कमी, हे चांगलंच आहे, हवा आपल्याच पोरांना लागते. पण परवा माझ्या पुतण्याची गाडी मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली, मी नळी काढायला गेलो तर तो म्हणला, "काका, हात लावू नका, सेन्सर असतो." मी हात मागं घेतला. टेम्पो बोलवून गाडी बीडला नेली. टेम्पो येईपर्यंत दोन तास कडेला बसलो होतो, आणि त्या दोन तासांत तीन जण थांबले. तिघं पण केस पांढरे झालेले. तिघांनी पण आधी प्लग विचारला.

काल संध्याकाळी अक्काकडं गेलो. बुलेट गोठ्यात, वर सोयाबीनच्या भुसकटाची पोती. पुढचा चिमटा त्या वेळी वाकलेला, तो पोरानं सरळ करून घेतला होता, पण दहा वर्षांत कुणी चालवलेली नाही. कागद संपलेत, फेरनोंदणी करायची तर आरटीओचे खेटे आहेत. टाकीत गंज. फिल्टर काढला, टाकी डिझेलनं दोनदा धुतली, नळीतली हवा काढली, इंजिनात नवं ऑईल घातलं. डिकॉम्प्रेशनची कळ गच्च बसली होती, हातोडीनं हळूहळू सोडवली. मग किक. पहिल्या वीस-पंचवीस किकांना काहीच नाही. माझा गुडघा बोलायला लागला. पोरगा म्हणला, "मामा, राहू द्या." मग तो बसला. कळ उचलून चार वेळा मोकळी फिरवली, कळ सोडली, किक मारली. पांढरा धूर निघाला, गोठ्यातली म्हैस बिथरली, आणि टक... टक... टक करत इंजिन पकडलं.

अक्का स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आली. दारात उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, "टॅपेट वाजतोय. त्यांना सांगितलं होतं मी."

पोरगा माझ्याकडं बघत होता. मी काही किंमत सांगितली नाही. पुण्याची माणसं रविवारी येणार आहेत. रविवारी माझं हरभऱ्याचं पाणी आहे, रात्रपाळीची लाईट. टॅपेट सेट करायला शनिवारी जाऊन येतो. पुढं काय होतं ते कळवतो.